तूप विचारून वाढा: मराठवाड्यातल्या आचारी-केटरर मंडळींना खुले पत्र

मराठवाड्यातले समस्त आचारी, केटरर, मेस चालवणाऱ्या ताई-मावश्या आणि सप्ताहाच्या पंगतीला कढई लावणारी मंडळी यांना,

सप्रेम नमस्कार.

मागणं आधी सांगते, म्हणजे पत्र कशासाठी आहे ते शोधत बसावं लागणार नाही. वरणावर, भातावर, भाकरीवर तूप-लोणी घालायचं असेल तर ते ताटात घाला, पातेल्यात आणि परातीत नको. आणि घालण्याआधी विचारा. ज्या पदार्थात दूध, दही, खवा, मिल्क पावडर पडली आहे, ती पडली आहे असं विचारणाऱ्याला खरं सांगा. माझ्यासाठी वेगळी भाजी करा, वेगळा गॅस लावा असं काही म्हणणं नाही.

मी व्हीगन आहे. मांस, मासे, अंडी तर नाहीतच. दूध, दही, ताक, तूप, लोणी, खवा, पनीर आणि मधही खात नाही. हे खूळ बाहेरून आलं असं तुम्ही म्हणाल. नाव खरंच बाहेरचं आहे, १९४४ साली इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी ठेवलेलं. ताट मात्र इथलंच आहे. लातूर-धाराशिवकडच्या चुलीवर रोज काय शिजतं ते तुम्हाला मी सांगायला नको. ज्वारीची भाकरी. तुरीचं वरण नाहीतर येसराची आमटी. शेंगदाण्याची, जवसाची, कारळाची चटणी आणि तिच्यावर करडईच्या तेलाची धार. मेथीचा घोळाणा, अंबाडी, तांदुळजा, हरभऱ्याचा पाला. हुलग्याचे शेंगोळे, वरणफळं, पिठलं, भरलं वांगं, सुसला. यातल्या एकालाही दुधाचा थेंब लागत नाही. कोरडवाहू मुलखात तूप सणाचं होतं, रोजचं कधी नव्हतं. आमच्या आजीच्या घरी तुपाची बरणी कडीकुलपात असायची आणि जावई आल्यावरच बाहेर निघायची. म्हणजे आठवड्यातले सहा दिवस आपली आजी जे जेवत होती तेच मी सातही दिवस जेवते, फरक एवढाच.

अडचण सुरू होते ती तुमच्या मांडवात.

पूर्वीच्या पंगतीत वांग्याची भाजी, पुरी, बुंदी, वरण-भात आणि मठ्ठा असायचा. मठ्ठा सोडला आणि वरणावरचं तूप टाळलं की पोटभर जेवण व्हायचं. आता बुफे आला. पनीरची भाजी, काजू करी, दाल तडका, जिरा राईस, तंदुरी रोटी, गुलाबजाम, रबडी-जिलेबी. ग्रेव्हीत काजू आणि मगजबी असते हे ठीक, पण खवा आणि क्रीमही असतं, आणि ते वरून दिसत नाही. डाळीच्या तडक्याला बटर. भाताला तूप. रोटीच्या कणकेत दूध नाहीतर दही, वरून पुन्हा बटरचा हात. जिलेबीच्या पिठात कुणी दही घालतं, कुणी नाही. पुरीचं पीठ कुणी दुधात मळतं, म्हणजे ती खुसखुशीत राहते म्हणे. काउंटरमागच्या पोराला विचारावं तर तो बिचारा आदल्या रात्री ट्रकमधून आलेला, त्याला काय माहीत? तो म्हणतो, ‘व्हेज आहे मॅडम, प्युअर व्हेज.’ मग मी कोपऱ्यातल्या ‘चुलीवरची भाकरी’च्या काउंटरला जाते. तिथली मावशी माझ्याकडे बघून हसते, भाकरी वाढते, ठेचा वाढते, आणि मी ‘नको’ म्हणायच्या आत त्यावर लोण्याचा गोळा ठेवते.

एक गंमत सांगते. ज्या बुंदीला पाहुणे ‘डालड्यातली दिसतीय’ म्हणून नाक मुरडतात, ती मला चालते. आणि ‘शुद्ध गावरान तुपातली’ असा बोर्ड लावलेल्या जिलेबीकडे मी नुसती बघते. वनस्पती तूप हे नावाप्रमाणे वनस्पतीचंच. तब्येतीला ते बरं नाही ही वेगळी गोष्ट. पण यातून एक दिसतं: लग्न जितकं साधं, तितकी माझी सोय जास्त. गरिबाघरच्या पंगतीतून मी कधी उपाशी उठले नाही.

आता तुम्ही म्हणाल, एकेकाचं किती सांभाळायचं? पण तुम्ही सांभाळता की! माळकऱ्यांची पंगत वेगळी बसवता, मटणाच्या कार्यक्रमात त्यांची भाजी वेगळ्या पातेल्यात ठेवता आणि डावसुद्धा मिसळू देत नाही. जैन पाहुणे असतील तर कांदा-लसूण-बटाट्याशिवाय करून देता. एकादशीला लग्न आलं तर भगर आणि शेंगदाण्याची आमटी कुणी न सांगता तयार असते. एवढं सगळं तुम्ही कुठल्या कागदावर न लिहिता, डोक्यात ठेवून करता, हे मी कौतुकाने सांगतेय. माझं मागणं या तिन्हींपेक्षा हलकं आहे. एकादशीचंच बघा. भगर तेलात परतली असेल तर त्या दिवशी तुमच्या मांडवातलं सगळ्यात निर्धोक ताट माझंच असतं.

आणि एक गैरसमज मिटवते. मला भांडं वेगळं नको. पळी वेगळी नको. तुमच्या हाताचं नको असं तर मुळीच नाही. हे सोवळं नव्हे. हे ठासून सांगते, कारण आपल्या मुलखात कुणाच्या घरचं पाणी, कुणाच्या घरचा चहा नाकारण्याचा अर्थ पिढ्यान् पिढ्या एकच होता आणि तो जातीचा होता. मी शाळेत शिकवते. पालकांकडे जाणं होतं, सगळ्या वस्त्यांत जाणं होतं. बाई आल्या म्हणून शेजारून दूध आणून चहा टाकला जातो. तिथे ‘मी दूध घेत नाही’ म्हणताना समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर जी शंका येते ती मी पाहिलेली आहे. म्हणून मी दारातच सांगते, ‘माय, मला कोरा चहा टाक, गूळ घालून.’ आणि तो टाकेपर्यंत चुलीपाशी जाऊन बसते, कपभर पिऊन दुसरा मागते. चहा नाकारायचा नाही, दूध नाकारायचं. यात जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि शहरातल्या नवव्हीगन पोरांना तो कळत नाही. ते ‘नो थँक्स’ म्हणून मोकळे होतात. त्यांच्यावरही एक पत्र लिहायला हवं, पण ते पुन्हा कधी.

घरी मी एकटीच अशी आहे. सासूबाईंना दुधाचा चहा लागतो, पोराला दही-भात, यांना भाकरी-दूध. एकाच गॅसवर एका बाजूला दूध तापतं, दुसऱ्या बाजूला माझी शेंगदाण्याची कढी. सासूबाई सुरुवातीला म्हणायच्या, ‘दूध नाई, दही नाई, मंग खातीस तरी काय गं, दगडं?’ आता त्या माझी चटणी मागून घेतात, पण वाद मिटला असं नाही. चालू आहे.

दह्याचं सांगते, कारण तुमच्या कामाचं आहे. शेंगदाणे रात्रभर भिजवायचे, सालं काढायची, बारीक वाटून फडक्यातून गाळायचं. ते दूध सतत हलवत उकळायचं, जरा दुर्लक्ष झालं की तळाला लागतं. कोमट झालं की त्यात हिरव्या मिरच्यांचे देठ टाकून झाकून ठेवायचं. पहिलं विरजण सैल लागतं. त्यातलंच चमचाभर पुढच्या दुधाला लावलं की बरं बसतं. आपल्याकडच्या मे महिन्यात ते चार-पाच तासांत लागतं आणि दुपारपर्यंत आंबटढाण होतं, थंडीत मात्र पिठाच्या डब्यात गुंडाळून ठेवावं लागतं. चव गाईच्या दह्याची नाही. शेंगदाण्याचा वास राहतो. पण कढीला लसूण-जिऱ्याची फोडणी बसली, बेसन लागलं, की तो वास कढीचाच होऊन जातो. धपाट्यांबरोबर तर मला हेच जास्त आवडायला लागलंय.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, आमच्या शेतात भज्जी होते. तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे, पालेभाज्या, आंबटचुका, चिंच, बेसन. तिला काही बदलावं लागत नाही. ज्वारी-बाजरीचे उंडेही तसेच. प्रश्न फक्त आंबिलीचा, कारण ती ताकातली. मी ज्वारीचं पीठ आदल्या सकाळी पाण्यात कालवून ठेवते, ते स्वतःच आंबतं, मग शिजवून, गार करून त्यात ठेचलेला लसूण, जिरं, मीठ, कोथिंबीर. दोन बिंदगी, म्हणजे छोटी मडकी, भरतात, एक ताकाचं, एक माझं. उन्हात बसलेले पाहुणे दोन्हीतून पितात आणि कुठलं कुठलं हे विचारत नाहीत. पुरणपोळी तव्यावर तेलात भाजते, कटाची आमटी तर आहेच, गुळवणीत दूध न घालता सुंठ-वेलदोडा. महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला घरातल्या इतरांचं तूप असतंच. ते मी माझ्या हाताने वाढते. देवीच्या ताटावरून भांडण मला करायचं नाही.

सगळं जमतं असं मात्र सांगणार नाही. कुंथलगिरीच्या पेढ्याला पर्याय नाही. भूमकडच्या खव्याच्या भट्टीवर जो खरपूस रंग येतो तो काजू वाटून, खजूर घालून, काहीही करून येत नाही. खरवस गेला तो गेला. सत्यनारायणाचा शिरा, रवा-तूप-साखर-दूध सगळं सव्वाच्या मापाने, त्याचा प्रसाद नाकारणं हे आजही मला सगळ्यात जड जातं. हातावर घेते आणि शेजारी बसलेल्या लेकराला देते. सप्ताहाच्या शेवटी काल्याचं कीर्तन असतं. त्या काल्यात दही कालवण्याआधी मूठभर लाह्या आणि डाळं बाजूला काढून ठेवा म्हणून आमच्या गावच्या पंगतीवाल्या काकांना सांगून ठेवलं आहे. ते दर वर्षी कागदाच्या पुडीत ठेवतात. हेच मी तुम्हा सगळ्यांकडे मागतेय, पुडीची सवय.

आता सोयाबीनचं. हे लिहिताना माझा आवाज जरा चढेल, माफ करा. दिवाळीच्या सुमारास लातूरच्या आडत बाजारात सोयाबीनचे ढीग लागतात, पाय ठेवायला जागा नसते. परभणीच्या कृषी विद्यापीठाने एमएयूएस-७१, एमएयूएस-१५८, एमएयूएस-१६२ अशी वाणं दिली, आपल्या शेतकऱ्यांनी ती डोक्यावर घेतली. २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये, म्हणजे किलोला एकोणपन्नास. बाजारात तेवढाही मिळाला नाही हे कुणालाही विचारा. एका किलो सोयाबीनचं सहा-सात लिटर दूध निघतं. तेच फाडून पनीरासारखं दाबलं, म्हणजे टोफू केलं, तर दीड किलोच्या आगेमागे भरतं. तरी आपल्या गावात टोफू हवं तर मोठ्या दुकानाच्या फ्रीजमध्ये शोधावं लागतं, ते पुण्या-मुंबईहून आलेलं असतं आणि अर्ध्या वेळा तारीख संपलेली असते. आपलं सोयाबीन मिलमध्ये जातं, तेल निघतं, आणि उरलेली पेंड, ज्यात सगळी प्रथिनं, ती कोंबड्यांच्या खाद्याला जाते. भाकरीबरोबर खायला आपण काय ठेवतो? सोयाबीनच्या वड्यांची पाकिटं. त्याही बाहेरून आलेल्या.

टोफूला वास येतो म्हणून आचारी हात लावत नाहीत. वास येतो हे खरं, पण तो गार पाण्यात वाटल्यामुळे येतो. भिजलेलं सोयाबीन कढत पाण्यात वाटा, गाळल्यावर दूध चांगलं पंधरा-वीस मिनिटं उकळा; वास पुष्कळ जातो. आणि उकळणं टाळायचं नाही, कच्चं सोयाबीन पोटाला पचत नाही. मग लिंबाचा रस किंवा लिंबूसत्त्वाचं पाणी, फडकं, वर वजन. उरलेला चोथा धपाट्यांच्या पिठात जातो, काही वाया जात नाही. तुम्ही पनीर किती रुपये किलोने घेता ते तुम्हाला माहीत आहे, आणि स्वस्तातलं पनीर कसं असतं तेही. त्या नकली पनीरमध्ये दुधाच्या चरबीऐवजी वनस्पती तेल असतं, पण दुधाची पावडर बहुतेक वेळा असतेच. म्हणजे ते खाणाऱ्याला फसवतं आणि माझ्याही कामाचं नाही. त्यापेक्षा आपल्या शिवारातलं सोयाबीन काय वाईट?

करडईबद्दलही थोडं. सोयाबीन-हरभऱ्यापुढे करडई हटली, काटे टोचतात म्हणून कापायला माणूस मिळत नाही, आणि करडईचं तेल आता चैनीचं झालं. पण उत्तर कर्नाटकात करडई भिजवून, वाटून, तिचं दूध काढून त्यात गव्हाची हुग्गी करतात. गूळ, खसखस, सुकं खोबरं. ही काही नवी व्हीगन रेसिपी नव्हे, जुना सणाचा पदार्थ आहे, आणि आपली गव्हाची खीर तिची सख्खी बहीण. एखाद्या लग्नात गोड म्हणून हे ठेवून बघा. मी पैज लावते, रबडीच्या काउंटरवरची रांग निम्मी होईल.

‘दूध काढल्याने गाय मरती का?’ हा प्रश्न मला प्रत्येक पंगतीत येतो, म्हणून उत्तर एकदाच देते. माझं माहेर शेतकऱ्याचं. देवणी बैल आणि लाल कंधारी गाई बघत वाढले. जनावर व्यायल्याशिवाय दूध देत नाही. वासरू कालवड झालं तर ठीक. गोऱ्हा झाला, त्यातही संकरित गाईचा, तर त्याला औताला कुणी जुंपत नाही. म्हशीचं रेडकू तर दुधाच्या हिशोबात पहिल्यापासून तोट्याचं धरलेलं असतं. ते मेलं की म्हशीने पान्हा सोडावा म्हणून त्याच्या कातड्यात भुसा भरून तिच्यापुढे ठेवलेला मी लहानपणी पाहिला आहे, आणि तुमच्यापैकी खेड्यातून आलेल्या अनेकांनी पाहिला असेल. एवढंच माझं कारण. ते तुम्हाला पटावं असा आग्रह नाही.

आणि दूधवाल्या शेतकऱ्याला मी शत्रू समजत नाही. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं तेव्हा मी लातुरातच होते. पीक गेल्यावर घरात जो रोकडा येतो तो डेअरीच्या दहा दिवसांच्या पगाराचाच, हे मला माहीत आहे. बीडकडच्या चारा छावणीत माणसं जनावरांबरोबर महिनोन् महिने राहिली. त्यांना ‘दूध सोडा’ म्हणून सांगायला जायची माझी लायकी नाही. मी माझ्या ताटापुरतं बोलते. त्याच माणसाचं सोयाबीन, करडई, शेंगा, तूर जास्त भावाने खपावी हेही मी माझ्या ताटातूनच म्हणते. मटण खाणाऱ्यांच्या ताटातही मी डोकावत नाही. त्यांच्या शेजारी बसून जेवते.

ताटाबाहेरचं तर विचारूच नका. पैठण आपलं, पैठणी आपली, आणि रेशीम कोशातल्या किड्यासकट उकळून काढलेलं. लग्नातली माझी पैठणी कपाटात आहे, नवी घेतली नाही, हिमरूतही रेशीम असतं म्हणून तीही नाही. पण कीर्तनाला बसते तर मृदंगाला कातडं आहे, हलगीला कातडं आहे, माझ्या ज्वारीच्या वावरात शेणखत आहे. औषधाच्या कॅप्सूलचं आवरण बहुधा जिलेटिनचं, ‘ड’ जीवनसत्त्वाची गोळी बहुतेक वेळा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून. शंभर टक्के व्हीगन जगतो म्हणणारा माणूस मला भेटला तर मी त्याला एक दिवस आमच्या गावात राहायला बोलावीन. मी ताटावर आणि अंगावरच्या नव्या खरेदीवर रेघ ओढली आहे.

बी-१२ चं मात्र स्पष्ट सांगायला हवं, कारण माझं बघून मेसमधली दोन-चार पोरं ‘आम्ही पण’ म्हणतात. भाजीपाल्यात, धान्यात, कडधान्यात ते मिळत नाही. आंबवलेल्या पदार्थांतून मिळतं, न धुतलेल्या भाजीतून मिळतं, ही ऐकीव गोष्ट आहे, तिच्यावर विसंबू नये. गोळी घ्यावी लागते. ती जिवाणूंपासून बनवतात म्हणून मला चालते. दिवसाची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅम, पण ती भागली नाही तर हातापायाला मुंग्या, थकवा, रक्त कमी, आणि नसांना कायमची इजा होऊ शकते. रक्त तपासून, डॉक्टरांना विचारून घ्या. कॅल्शियमला तीळ, नाचणी, राजगिरा आहे. जवस कुटून खाल्ला तरच अंगी लागतो, अख्खा तसाच बाहेर पडतो.

पाकिटबंद वस्तूंचं काम सरकारने थोडं सोपं केलंय. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२२ मध्ये व्हीगन पदार्थांचे नियम काढले, त्यासाठी हिरव्या चौकटीतलं पान आणि ‘व्ही’ अक्षराचं चिन्ह ठरवलं. साध्या हिरव्या ठिपक्यात दूधही बसतं आणि मधही, त्यामुळे तो ठिपका माझ्या उपयोगाचा नाही. बिस्किट घेताना मी मागची बारीक अक्षरं वाचते. तिथे दूध असेल तर वेगळं लिहावं लागतं. पण तुमच्या पातेल्याच्या मागे अक्षरं नसतात. तिथे तुमचा शब्द हेच लेबल. आणि त्या शब्दाची गरज मला एकटीलाच आहे असं नाही. दुधाची अ‍ॅलर्जी असलेली लेकरं आहेत. दूध प्यालं की पोट बिघडणारी कितीतरी मोठी माणसं आहेत, ती नुसती लाजेने बोलत नाहीत. हृदयविकाराचे, साखरेचे पेशंट आहेत, त्यांना वरणावर किती तूप पडलं ते कळायला हवं असतं.

तुमचाही यात फायदा आहे. तूप सहाशे-सातशे रुपये किलो. पातेल्यात ओतलेलं सगळ्यांच्या वाट्याला जातं, नको असलेल्यांच्याही, आणि ताटात उष्टं पडतं. पूर्वी यजमान स्वतः तुपाची वाटी घेऊन पंगतीत फिरायचे, ‘अजून थोडं’ म्हणून आग्रह करायचे. त्या आग्रहात विचारणं होतं. बुफेत ते गेलं. काउंटरच्या शेवटी तुपाचं भांडं आणि पळी ठेवा, ज्याला हवं तो घेईल. ग्रेव्हीत क्रीम घालायचं तर अर्ध्या पातेल्यात घाला. रोटीवर बटर मागणाऱ्यालाच. आणि जेवढ्या पदार्थांत दूध नाही तेवढ्यांपुढे ‘दूध-तूप नाही’ एवढीच पाटी, मराठीत, हाताने लिहिलेली चालेल.

तुळशीचं लग्न लागलं की तुमची सराई सुरू होईल. यजमानाकडे ऑर्डर घ्यायला जाल तेव्हा ‘उपवासाची किती, जैन किती’ हे तुम्ही विचारताच. त्याच दमात ‘बिनदुधाची किती’ हेही विचारा. बहुतेक घरी ‘एक पण नाही’ असंच उत्तर येईल. लातुरात एखाद्या घरी ‘एक आहे, शाळेतल्या बाई’ असं म्हणाले तर ती मीच असण्याची शक्यता बरीच आहे.

आपली,
एक शिक्षिका, लातूर

ता. क. – माझ्या बिनताकाच्या, शेंगदाण्याच्या मठ्ठ्याचं प्रमाण दोघा-तिघा आचाऱ्यांनी मागितलं होतं म्हणून देते. शंभर माणसांना दोन किलो शेंगदाणे रात्री भिजवा, सालं काढून वाटा, गाळून एकूण पंधरा लिटर होईल इतकं पाणी घाला. दहा मिनिटं उकळून पूर्ण गार करा. गार होण्याआधी लिंबू पिळलं तर फाटतं. मग पंचवीस-तीस लिंबं, आलं-मिरचीचं वाटण, भाजलेल्या जिऱ्याची पूड, काळं मीठ, साधं मीठ आणि भरपूर कोथिंबीर. दोन तासांच्या आत संपवा, उन्हाळ्यात बर्फावर ठेवा. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असणारे असतात, तेव्हा भांड्यापुढे ‘शेंगदाण्याचा मठ्ठा’ अशी पाटी विसरू नका.